बॉन्ड तुटल्यावर एनर्जी मिळते की लागते? एटीपी आणि एन्झाइमचा गोंधळ

प्रश्न थोडक्यात असा: बायोलॉजीच्या तासाला सांगतात की एटीपीचा (अ‍ॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट, शेपटीला तीन फॉस्फेट लागलेला पेशीतला रेणू) शेवटचा फॉस्फेट बॉन्ड तुटला की एनर्जी बाहेर पडते आणि पेशी ती वापरते, आणि पुढच्याच तासाला केमिस्ट्रीवाले सांगतात की कुठलाही बॉन्ड तोडायचा तर एनर्जी द्यावी लागते. मग खरं कोण बोलतंय? शिवाय ह्या सगळ्यात एन्झाइम नक्की काय करतं, ते एनर्जी देतं का, आणि एका ग्लुकोजमागे एटीपी किती धरायचे, ३८, ३६ की ३०?

केमिस्ट्रीवाले बरोबर आहेत. बॉन्ड तोडायला एनर्जी लागते, एटीपीचा असला तरी लागतेच, त्याला अपवाद नाही. मी पंचवीसेक वर्षं एन्झाइमवर काम करतोय, त्यातली बरीचशी कायनेजवर म्हणजे फॉस्फेट इकडून उचलून तिकडे लावणाऱ्या एन्झाइमवर गेली, आणि हा गोंधळ मी एमएस्सी झालेल्या मुलांमध्येही बघितलाय, आणि लपवायचं कशाला, पीएचडीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत माझाही होता, फक्त मला तो गोंधळ आहे हे कळलेलं नव्हतं. तुम्हाला निदान प्रश्न पडला.

आधी बघू एटीपी पाण्याबरोबर रिअ‍ॅक्ट होतो तेव्हा होतं काय. दोन फॉस्फेटच्या मधला फॉस्फरस-ऑक्सिजन बॉन्ड तुटतो, पाण्याचा एक ऑक्सिजन-हायड्रोजन बॉन्ड तुटतो. ह्याला एनर्जी लागली. मग फॉस्फरसला पाण्याचा ऑक्सिजन येऊन चिकटतो म्हणजे नवा बॉन्ड झाला, आणि सुटा हायड्रोजन दुसरीकडे कुठेतरी चिकटतो. इथे एनर्जी सुटली. म्हणजे तुटले तेवढेच जुळले, आणि जवळपास त्याच जातीचे जुळले. मग नफा कुठून आला? तर शेवटी जे दोन तुकडे झाले, एडीपी (दोनच फॉस्फेट उरलेला) आणि फॉस्फेट, ते वेगवेगळे जास्त सुखात असतात. एटीपीच्या शेपटीवर चार निगेटिव्ह चार्ज दाटीवाटीने बसलेले असतात आणि ते एकमेकांना ढकलत असतात, वेगळं झालं की ती ढकलाढकली कमी होते. सुट्या फॉस्फेटमध्ये इलेक्ट्रॉनना पसरायला जास्त जागा मिळते, आणि दोन्ही तुकड्यांभोवती पाणी जास्त चांगलं गोळा होतं. हा सगळा हिशोब केला की प्रमाण परिस्थितीत मोलमागे साधारण ३०.५ किलोज्यूल फ्री एनर्जी, म्हणजे कामाला लावता येईल अशी एनर्जी, हाताशी येते. हा आकडा सगळ्या रिअ‍ॅक्शनचा आहे, एकट्या बॉन्डचा नाही.

मग 'हाय एनर्जी बॉन्ड' हा शब्द आला कुठून? एटीपी सापडला १९२९ मध्ये, जर्मनीत कार्ल लोमान ह्यांना, आणि त्याच सुमाराला अमेरिकेत फिस्क आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव ह्यांना स्नायूंमधून वेगळा काढता आला (सुब्बाराव म्हणजे ज्यांच्या नावाची फॉस्फरस मोजायची पद्धत आहे तेच, १९२५ची, निळा रंग येतो ती, आम्ही प्रॅक्टिकलला हजारदा केलीय). मग १९४१ मध्ये फ्रिट्झ लिपमन ह्यांनी एक मोठा लेख लिहिला आणि त्यात ह्या फॉस्फेटसाठी नागमोडी रेघेचं चिन्ह वापरलं. लिपमनना म्हणायचं होतं की हा फॉस्फेट दुसऱ्याला द्यायची ह्या रेणूची ओढ मोठी आहे. पण ती नागमोडी रेघ इतकी छान दिसते, अगदी दाबून ठेवलेल्या स्प्रिंगसारखी, की बघणाऱ्याला वाटतं एनर्जी त्या रेघेतच कोंबून ठेवलीय आणि रेघ कापली की उसळून बाहेर येणार. ऐंशीएक वर्षं झाली तरी ती स्प्रिंग पुस्तकातून जात नाहीये.

आता ह्याहून महत्त्वाचं, जे सहसा शिकवलं जात नाही. तो ३०.५चा आकडा प्रमाण परिस्थितीचा आहे, म्हणजे सगळं एक मोलर. पेशीत असं कुठेच नसतं. पेशीत एटीपी काही मिलिमोलर असतो, मोकळा एडीपी त्याच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याएवढा, आणि फॉस्फेट पुन्हा काही मिलिमोलर. हे आकडे घालून हिशोब केला की तोच एटीपी ५० ते ५५ किलोज्यूलपर्यंत देतो. रेणू तोच, बॉन्ड तोच, आणि एनर्जी जवळपास पावणेदोन पट! मग ती जास्तीची आली कुठून? बॉन्डमधून तर नाही. ती आली ह्यातून की पेशीने एटीपी आणि एडीपीचं प्रमाण त्यांच्या नैसर्गिक संतुलनापासून लांब नेऊन ठेवलंय, थोडंथोडकं नाही, अब्जावधी पटीत लांब. एटीपी असलेलं पाणी (आणि त्यात थोडं योग्य एन्झाइम) नुसतं बाजूला ठेवलं आणि पुरेसा वेळ थांबलात तर जवळपास सगळा एटीपी संपून एडीपी आणि फॉस्फेट उरतील. त्या पाण्यात नंतरही एटीपी अगदी नावाला असेल, त्याचा तो बॉन्डही शाबूत असेल, आणि तरी त्याच्याकडून कणभर काम होणार नाही.

मी मुलांना गच्चीवरच्या टाकीचं उदाहरण देतो. वरच्या टाकीतलं पाणी आणि खालच्या हौदातलं पाणी ह्यात पाणी म्हणून काहीही फरक नाही, वरच्या पाण्याच्या थेंबात एनर्जी 'भरलेली' नाहीये, फरक आहे तो पातळीचा. पंप सतत चालू आहे म्हणून ती पातळी टिकते. पेशीत पंपाचं काम मुख्यतः मायटोकॉन्ड्रिया करतो (मराठी पुस्तकात तंतुकणिका म्हणतात), वरची टाकी म्हणजे एटीपी आणि खालचा हौद म्हणजे एडीपी. आणि टाकी छोटी आहे बरं का, खूपच छोटी. हिशोब करून बघा: दिवसाला २००० किलोकॅलरी म्हणजे ८४०० किलोज्यूल, एका मोल ग्लुकोजमधून साधारण २८०० मिळतात, म्हणजे ३ मोल ग्लुकोज, प्रत्येकामागे ३० धरले तर ९० मोल एटीपी, आणि एका मोलचं वजन ५०७ ग्रॅम. उत्तर येतं ४५ किलो! दिवसाला ४५ किलो एटीपी तयार होतो आणि तितकाच संपतो, आणि कुठल्याही एका क्षणी अख्ख्या शरीरात शंभरएक ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे एकच रेणू दिवसात शेकडो वेळा वरखाली करतो. म्हणून एटीपीला 'एनर्जीचा साठा' म्हटलेलं मला पटत नाही. साठा म्हणजे चरबी, साठा म्हणजे ग्लायकोजेन (लिव्हर आणि स्नायूंत साखळी करून ठेवलेलं ग्लुकोज). जोरात धावणाऱ्या स्नायूतला एटीपी, मागून भरला नाही तर, दोनतीन सेकंदात संपेल.

आता टाकीला नळ हवा, आणि तिथे एन्झाइम येतं. (पुस्तकात विकर लिहितात, पण प्रयोगशाळेत हा शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही, म्हणून एन्झाइमच म्हणतो.)

एन्झाइम एनर्जी देत नाही. एक ज्यूलही नाही. रिअ‍ॅक्शन कुठल्या दिशेला जाणार आणि कुठे जाऊन थांबणार हे दोन्ही बाजूंच्या पातळ्या ठरवतात, एन्झाइम फक्त तिथे किती लवकर पोचायचं ते बघतं. आणि ते पुढची आणि मागची दोन्ही रिअ‍ॅक्शन सारख्याच पटीने वाढवतं, हे ऐकून मुलं हमखास दचकतात. पण त्यात नवल काही नाही, ग्लुकोज फोडायच्या दहा पायऱ्यांपैकी सात पायऱ्यांची एन्झाइम लिव्हर ग्लुकोज बनवताना उलट्या दिशेने तशीच्या तशी वापरतं, नवीन एन्झाइम लागतं ते फक्त तीन जागी जिथे उतार फारच तीव्र आहे. म्हणून कोणी 'हे एन्झाइम घ्या, एनर्जी वाढेल' म्हणून काही विकायला आलं तर खुशाल दुर्लक्ष करा, शिवाय एन्झाइम हे प्रोटीन आहे, गिळलेलं बहुतेक प्रोटीन पोटात पचून जातं, हा आणखी वेगळा मुद्दा.

'नुसता वेग वाढवतं' हे वाचताना किरकोळ वाटतं. किती वेग ते बघा. आरएनए-डीएनएचे घटक बनवताना एक पायरी येते ज्यात ओरोटिडाइन मोनोफॉस्फेटमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकायचा असतो. रिचर्ड वोल्फेंडेन आणि अ‍ॅना रादझिका ह्यांनी १९९५ मध्ये मोजलं की पाण्यात एन्झाइमशिवाय सोडलं तर अर्धं काम व्हायला ७ कोटी ८० लाख वर्षं लागतील. एन्झाइमचा एक रेणू तेच काम सेकंदाला तीसचाळीस वेळा करतो. उलट टोकाला कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज, म्हणजे रक्तात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी ह्यांचं बायकार्बोनेट आणि परत उलट करणारं एन्झाइम, तिथे एन्झाइमशिवायही रिअ‍ॅक्शन काही सेकंदात होते, मग एन्झाइम हवं कशाला? तर आपण निवांत बसलेलो असताना रक्त फुप्फुसाच्या केशवाहिनीतून जेमतेम पाऊण सेकंदात पुढे निघून जातं, काही सेकंद थांबायला वेळच नाही, म्हणून तिथे एक रेणू सेकंदाला दहा लाखाच्या घरात रिअ‍ॅक्शन करणारं एन्झाइम ठेवलंय.

हे जमतं कसं? शाळेत सांगतात कुलूप-किल्ली, एमिल फिशर १८९४. सुरुवातीला ठीक आहे, पण जरा विचार करा, एन्झाइम जर सुरुवातीच्या रेणूला अगदी घट्ट बसेल असं बनलेलं असेल तर तो रेणू तिथेच आरामात बसून राहील, बदलेल कशाला? खरं उत्तर लायनस पॉलिंग ह्यांनी १९४६ च्या सुमाराला मांडलं, की एन्झाइम सर्वात घट्ट धरतं ते अर्ध्या वाटेवरच्या रूपाला, ज्यात जुना बॉन्ड धड तुटलेला नाही आणि नवा धड जुळलेला नाही. ते अवघड रूप एरवी डोंगराच्या माथ्यासारखं असतं, एन्झाइम त्याला आधार देऊन माथा खाली आणतं, पायथे जिथल्या तिथे राहतात. ह्या कल्पनेचा पुरावाही रोकडा आहे, त्या अर्ध्या वाटेवरच्या रूपासारखे दिसणारे रेणू मुद्दाम बनवले तर ते एन्झाइमला भयंकर घट्ट चिकटतात आणि ते बंद पाडतात, बरीच औषधं ह्याच तत्त्वावर बनलीत.

आता एटीपीचा दुसरा गुण, जो मला स्वतःला सर्वात सुंदर वाटतो. तो उताराच्या कडेवर बसलाय, तरी आपण होऊन घसरत नाही. एटीपीचं द्रावण न्यूट्रल करून फ्रीझरमध्ये ठेवलं तर महिनोन्महिने टिकतं. निगेटिव्ह चार्जच्या त्याच गर्दीमुळे पाणी फॉस्फरसजवळ सहज येऊ शकत नाही. म्हणजे नळ उघडल्याशिवाय टाकी रिकामी होत नाही, आणि नळ कुठे बसवायचा, कधी उघडायचा हे पेशीच्या हातात. हा गुण नसता तर पेशीने कितीही एटीपी बनवला असता तरी तो वाटेतच उष्णता होऊन गेला असता.

ह्या नळाला एक छोटा वायसर पण लागतो, मॅग्नेशियम. पेशीतला एटीपी जवळपास सगळा मॅग्नेशियमला धरून असतो आणि बहुतेक कायनेजना तसाच लागतो. माझ्याकडच्या एका विद्यार्थ्याचं कायनेज तीन आठवडे काम करत नव्हतं, एन्झाइम नवीन मागवलं, एटीपी नवीन मागवला, शेवटी वही घेऊन बसलो तर बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) दहा मिलिमोलर ईडीटीए, म्हणजे धातूचे आयन पकडून ठेवणारं रसायन! दुसऱ्याच कुठल्यातरी प्रयोगाची कृती उतरवली होती आणि ईडीटीए सगळं मॅग्नेशियम गिळून बसला होता. मॅग्नेशियम वाढवलं, दहा मिनिटांत रिअ‍ॅक्शन सुरू. आणखी एकीने एटीपीची पावडर नुसत्या पाण्यात विरघळवून एन्झाइमवर ओतली, ते द्रावण चांगलंच आम्लधर्मी असतं, पीएच बघितला नाही, एन्झाइमचं वाटोळं झालं. मुलं म्हणतात 'एन्झाइम मेलं', मी दरवेळी सांगतो ते जिवंत कधी होतं, प्रोटीनची घडी मोडली असं म्हणा. कोणी ऐकत नाही.

बरं, आता मुख्य प्रश्नाचा राहिलेला अर्धा भाग, म्हणजे पेशी एटीपी 'वापरते' म्हणजे करते काय. इथे पुस्तकातलं 'एटीपी फुटतो, एनर्जी सुटते, ती एनर्जी वापरून काम होतं' हे वाक्य सरळ सरळ दिशाभूल करणारं आहे. टेस्ट ट्यूबमध्ये एटीपी नुसता पाण्याने फोडला तर मिळते फक्त उष्णता, द्रावण किंचित गरम होतं, संपलं. पेशीत सगळीकडे तापमान सारखंच, त्यामुळे तशी उष्णता घेऊन तिला कुठलंच काम करून घेता येत नाही. पेशीला काम हवं असेल तर एटीपी पाण्याने फुटणं हीच तर नासाडी आहे, ती टाळायची असते.

ग्लुकोज पेशीत आलं की त्याला फॉस्फेट लावायचा असतो. नुसता फॉस्फेट घेऊन ही रिअ‍ॅक्शन चढाची आहे, मोलमागे साधारण १४ किलोज्यूल चढ. हेक्सोकायनेज काय करतं, तर एटीपीचा फॉस्फेट थेट ग्लुकोजच्या हातात देतं, मधे पाणी नाही, मधे 'एनर्जी सुटणं' नाही, एक नवीनच रिअ‍ॅक्शन आहे आणि ती साधारण १७ किलोज्यूल उताराची आहे. ३०.५ मधून १४ वजा, सोपं गणित, पण प्रत्यक्षात दोन रिअ‍ॅक्शन झाल्याच नाहीत, एकच झाली. आता गंमत बघा, ग्लुकोजचा जो ओएच हा फॉस्फेट घेतो तसाच ओएच पाण्यालाही आहे, आणि पाणी तर आजूबाजूला ५५ मोलर. मग फॉस्फेट पाण्याला का नाही जात? कारण हेक्सोकायनेजचे दोन भाग आहेत आणि ग्लुकोज बसलं की ते जबड्यासारखे मिटतात, पाणी बाहेर राहतं, आणि कामाची मांडणी मिटल्यावरच नीट जुळते. डॅनियल कोशलँड ह्यांची १९५८ची कल्पना हीच, की एन्झाइम ताठ कुलूप नसतं, पाहुणा आला की आकार बदलतं. ग्लुकोजऐवजी झायलोज दिलं, ज्यात नेमका तो शेवटचा ओएच नाही, तर जबडा मिटतो पण रिकाम्या जागेत पाणी शिरतं आणि एन्झाइम वेड्यासारखं एटीपी पाण्याने फोडायला लागतं. ह्या एका प्रयोगातून हेक्सोकायनेज कळतं तेवढं दहा लेक्चरमधून कळत नाही.

स्नायूचं उदाहरण तर आणखी भारी. स्नायूत मायोसिन आणि अ‍ॅक्टिन अशा दोन प्रोटीनचे धागे असतात, मायोसिनची डोकी अ‍ॅक्टिनला धरून ओढतात. सगळ्यांना वाटतं मायोसिनच्या डोक्यावर एटीपी फुटला, धक्का बसला, स्नायू ओढला गेला. प्रत्यक्षात एटीपी येऊन नुसता बसला की मायोसिन अ‍ॅक्टिनला सोडून देतं, हे पहिलं काम, अजून काहीच तुटलेलं नाही. मग एटीपी तिथेच फुटतो आणि डोकं पुढे सरकून तयार होतं, पण ह्या पायरीत एनर्जीचा उतार जवळजवळ नसतोच, मायोसिनच्या खोबणीत एटीपी आणि त्याचे तुकडे ह्यांचं संतुलन जेमतेम दहाच्या आसपास असतं (एटीपी एक तर तुकडे दहा), रिअ‍ॅक्शन मागेही जाते. खरा ओढा बसतो तो नंतर, डोकं परत अ‍ॅक्टिनला चिकटून फॉस्फेट बाहेर पडतो त्या सुमाराला. म्हणजे बॉन्ड तुटण्याचा क्षण हा ह्या गोष्टीतला बऱ्यापैकी शांत क्षण आहे! आणि पहिल्या पायरीचा पुरावा सगळ्यांनी ऐकलेला असतो: मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठ होतं ते स्नायू जोर लावतात म्हणून नव्हे, एटीपी संपला आणि मायोसिनला अ‍ॅक्टिन सोडता येत नाही म्हणून. सोडायला एटीपी लागतो.

आता पंपाकडे येऊ. खाल्लेल्यात एनर्जी असते म्हणतात, तेही अर्धवट आहे खरं तर. ग्लुकोज पूर्ण जळलं तर २८०० किलोज्यूल, ऑक्सिजन लागतो ६ मोल, म्हणजे ऑक्सिजनच्या मोलमागे ४६७. मिथेन घ्या, ८९० भागिले २, ४४५. पामिटिक आम्ल, म्हणजे चरबीतलं, ९९८० भागिले २३, ४३४. खाण्यातलं इंधन कुठलंही घ्या, ऑक्सिजनमागे आकडा जवळपास तितकाच, कारण ऑक्सिजनच्या रेणूतला डबल बॉन्ड त्याच्या मानाने लेचापेचा आहे आणि त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड झाले की खूपच भक्कम बॉन्ड जुळतात. म्हणूनच माणसाने लिटरभर ऑक्सिजन वापरला म्हणजे साधारण २० किलोज्यूल खर्च झाले असं, काय खाल्लं हे नीट माहीत नसतानाही, बऱ्यापैकी सांगता येतं.

ग्लुकोजमधले इलेक्ट्रॉन एनएडीएचवर (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू, एफएडीएचटू हा त्याचा भाऊ) चढवून मायटोकॉन्ड्रियात आणायचे आणि ऑक्सिजनपर्यंत टप्प्याटप्प्याने खाली उतरवायचे, हा उतार १.१४ व्होल्टचा, आणि उतरताना त्यांच्याकडून आतल्या पडद्यापलीकडे प्रोटॉन ढकलून घ्यायचे. हे प्रोटॉन परत येताना एटीपी बनतो, हे पीटर मिचेल ह्यांनी १९६१ मध्ये सांगितलं तेव्हा बहुतेकांनी वेड्यात काढलं, कारण सगळे कुठलातरी हाय एनर्जी रेणू शोधत बसले होते (पुन्हा तीच स्प्रिंग!) आणि तो काही सापडत नव्हता. मग १९६६ मध्ये यागेनडॉर्फ आणि उरिबे ह्यांनी क्लोरोप्लास्टचे (वनस्पतीच्या पेशीत प्रकाशावर एटीपी बनवणारा भाग) पडदे अंधारात पीएच ४ च्या आम्लात भिजवले, मग एकदम पीएच ८ मध्ये टाकले, सोबत एडीपी आणि फॉस्फेट, आणि एटीपी तयार झाला. प्रकाश नाही, इलेक्ट्रॉन नाहीत, फक्त प्रोटॉनच्या पातळीतला फरक. मिचेलना १९७८ मध्ये नोबेल मिळालं. त्या पडद्यावरचा व्होल्टेज दीडशेएक मिलिव्होल्ट, ऐकायला चिल्लर, पण पडदा फक्त ५ नॅनोमीटर जाड, म्हणजे मीटरमागे ३ कोटी व्होल्ट. हवेत ठिणगी पडायला ३० लाख पुरतात.

प्रोटॉन परत येतात ते एटीपी सिंथेजमधून, आणि हे एन्झाइम खरोखर फिरतं, १९९७ मध्ये जपानमध्ये नोजी आणि सहकाऱ्यांनी ते काचेवर चिकटवून, त्याच्या दांड्याला चमकणारा अ‍ॅक्टिनचा धागा लावून, सूक्ष्मदर्शकाखाली फिरताना दाखवलं. एका फेरीत तीन एटीपी. आणि इथेही तोच मुद्दा, पॉल बॉयर ह्यांनी दाखवलेला: एन्झाइमच्या खोबणीत एडीपी आणि फॉस्फेट जुळून एटीपी व्हायला फारशी एनर्जी लागतच नाही, तिथे संतुलन एकच्या आसपास असतं. प्रोटॉनचा जोर खर्च होतो तो तयार एटीपी खोबणीतून सोडवायला. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा दोन दिवस पटली नव्हती.

पडद्याला भोक पडलं तर काय होतं ह्याचं एक वाईट उदाहरण इतिहासात आहे. डायनायट्रोफेनॉल नावाचा रेणू प्रोटॉन उचलून पडद्यातून आरपार नेतो, सिंथेजला वळसा घालून. १९३३ पासून अमेरिकेत ते वजन कमी करायचं औषध म्हणून विकलं गेलं, वजन उतरायचं पण, कारण इंधन जळतंय आणि एटीपी बनत नाहीये, सगळी उष्णता. लोक तापाने फणफणून मेले, काहींना मोतीबिंदू झाले, १९३८ मध्ये ते बंद केलं. 'मेटाबॉलिझम वाढवा' म्हणणाऱ्यांना मी हे सांगतो. तान्ह्या बाळाच्या तपकिरी चरबीत मात्र हीच गळती मुद्दाम ठेवलेली असते, थर्मोजेनिन नावाचं प्रोटीन, उबेसाठी, आणि त्याला चालू-बंद करायची सोय आहे.

पंप किती जोरात चालवायचा हे कोण ठरवतं, ह्यावर वेगळं लिहावं लागेल, इथे एवढंच की पेशी एटीपीपेक्षा एएमपीवर (एकच फॉस्फेट उरलेला) जास्त लक्ष ठेवते. दोन एडीपी मिळून एक एटीपी आणि एक एएमपी बनवणारं एन्झाइम आहे, त्यामुळे एटीपी दहा टक्के घटला तरी एएमपी कित्येक पट वाढतो, आणि ग्लुकोज फोडण्याच्या वाटेवरचा मोठा नळ, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज, एएमपी दिसला की उघडतो आणि एटीपी जास्त झाला की आवळतो.

राहिला ३८चा प्रश्न. जुना हिशोब एका एनएडीएचमागे पूर्ण ३ आणि एफएडीएचटूमागे पूर्ण २ धरायचा, कारण तेव्हा वाटायचं की हे पूर्णांकातच असणार. पण मधे प्रोटॉन आहेत आणि प्रोटॉनना पूर्णांकाची सक्ती नाही. एका एनएडीएचमागे १० प्रोटॉन बाहेर जातात, एक एटीपी बनवून बाहेर पोचवायला साधारण ४ लागतात, म्हणजे २.५. एफएडीएचटूमागे १.५. दहा एनएडीएचचे २५, दोन एफएडीएचटूचे ३, थेट मिळालेले ४, एकूण ३२, आणि मायटोकॉन्ड्रियाबाहेर बनलेल्या दोन एनएडीएचचे इलेक्ट्रॉन आत न्यायला पेशीने कमी एटीपी देणारी वाट धरली तर ३० (जुन्या हिशोबात ह्याच फरकाने ३८चे ३६ होतात). पडदा थोडा गळतोच, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. परीक्षेत काय लिहायचं ते मात्र मला विचारू नका, पेपर तपासणाऱ्याचं पुस्तक कुठल्या सालचं आहे ते आधी बघा.